मेराज, दांते आणि फादर आसिन

पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्या मेराजची हकिगत मुस्लिम घरांतल्या मुलांना लहानपणीच कळते. एका रात्रीत मक्केहून जेरुसलेम, तिथून जिब्रईल या फरिश्त्याच्या सोबतीने एकेक आसमान ओलांडत थेट अल्लाहच्या सान्निध्यापर्यंतचा प्रवास, वाटेत आधीच्या पैगंबरांच्या भेटी आणि परतताना उम्मतीसाठी पाच वेळच्या नमाजची देणगी. दरवर्षी रजब महिन्यात शब-ए-मेराजला मशिदीमशिदींत तिचे बयान होते. याच हकिगतीचे धागे मध्ययुगीन युरोपच्या सर्वांत थोर ख्रिस्ती काव्यात, म्हणजे इटालियन कवी दांतेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’त गुंफले गेले आहेत, असे १९१९ साली एका अभ्यासकाने सविस्तर पुराव्यांनिशी मांडले. हा अभ्यासक मुसलमान नव्हता. तो स्पेनमधला कॅथलिक धर्मगुरू होता. मिगेल आसिन पालासिओस हे त्याचे नाव.

आसिन यांचा जन्म ५ जुलै १८७१ रोजी स्पेनच्या आरागोन प्रांतात, एब्रो नदीकाठच्या सारागोसा शहरात झाला. घर साधे, बेताच्या परिस्थितीतले. वडिलांचे छोटे दुकान होते. ते लवकर वारले आणि आईने दुकान सांभाळत मुलांना वाढवले. शिक्षण जेसुइट धर्मगुरूंच्या शाळेत झाले आणि मुलगा धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत दाखल झाला. त्या काळच्या स्पेनमध्ये यात काही विशेष नव्हते.

विशेष काही असेल तर ते या शहराच्या पोटात दडलेले होते. १११८ साली ख्रिस्ती राजाने जिंकून घेईपर्यंत चारशे वर्षे या शहराचे नाव सरकुस्ता होते. अकराव्या शतकातल्या मुस्लिम सुलतानांचा अल्जाफेरिया हा राजवाडा आजही तिथे उभा आहे. तत्त्वज्ञ इब्न बाज्जा याच गावचा. पण एकोणिसाव्या शतकातल्या स्पेनला हा भूतकाळ नकोसा होता. ग्रानाडा पडल्यानंतर तिथल्या चौकात अरबी ग्रंथांची होळी झाली होती. जबरदस्तीने बाप्तिस्मा दिलेल्या मुसलमानांना, ज्यांना ‘मोरिस्को’ म्हणत, १६०९ ते १६१४ या काळात देशाबाहेर हाकलण्यात आले होते. त्याआधीची शंभर वर्षे हे लोक चोरून नमाज पढत, चोरून रोजे धरत. रमजानच्या दिवसांत कोण दुपारी जेवत नाही, यावर धर्मन्यायालयाच्या खबऱ्यांचा डोळा असे.

१८८४ साली, आसिन तेरा वर्षांचे असताना, सारागोसा प्रांतातल्या आल्मोनासिद दे ला सिएरा या खेड्यात एक जुने घर पाडताना जमिनीत दडवलेल्या हस्तलिखितांचा मोठा साठा सापडला. काही अरबीत होती, काही स्पॅनिश भाषेत पण अरबी लिपीत लिहिलेली. मोरिस्कोंनी घर सोडताना, कधीतरी परत येऊ या आशेने, ती फरशीखाली ठेवली होती. त्यातली कितीतरी पाडकामाच्या वेळीच नष्ट झाली. जी वाचली, त्यांची सूची पुढे १९१२ मध्ये प्रसिद्ध झाली. ती करणाऱ्या दोघांपैकी एक आसिन होते.

दुसरे होते त्यांचे गुरू, हुलिआन रिबेरा. सारागोसा विद्यापीठात रिबेरा अरबी शिकवत आणि सेमिनरीतला हा तरुण त्यांच्या वर्गात जाऊन बसू लागला. रिबेरांचे गुरू फ्रान्सिस्को कोदेरा माद्रिदमध्ये होते. त्यांचीही एक कथाच आहे. अंदलुसचे, म्हणजे मुस्लिम स्पेनचे, अरबी ग्रंथ छापायचे तर स्पेनमध्ये ना धड अरबी खिळे होते, ना ते जुळवणारा कामगार. कोदेरांनी खिळे मिळवले, स्वतःच्या घरातच छपाईची सोय केली आणि विद्यार्थ्यांना खिळे जुळवायला बसवले. अशा रीतीने दहा खंड निघाले. या गुरू-शिष्यांच्या गोतावळ्याला गमतीने ‘बनू कोदेरा’ म्हणत. अरबी टोळ्यांच्या नावांत ‘बनू’ म्हणजे अमक्याचे वंशज. आसिन या टोळीतले धाकटे.

१८९५ मध्ये त्यांना दीक्षा मिळाली आणि सारागोसातच त्यांनी पहिली मिस्सा अर्पण केली. पुढच्याच वर्षी माद्रिदमध्ये त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. विषय होता इमाम गझाली.

नव्याने दीक्षा घेतलेल्या पंचवीस वर्षांच्या धर्मगुरूने गझालींना का निवडले असेल, हे त्यांचे चरित्र पाहिले की लक्षात येते. १०५८ ते ११११ हा गझालींचा काळ. बगदादच्या निजामिया मदरशात ते सर्वांत मानाच्या जागी शिकवत होते. शिष्यांची गर्दी होती, दरबारात वजन होते. आणि १०९५ साली त्यांची वाचाच बसली. आपण शिकवतो ते अल्लाहसाठी की नावलौकिकासाठी, या प्रश्नाने त्यांना इतके पोखरले की तोंडून शब्द फुटेना, घास उतरेना. नोकरी, घर, मान सोडून ते निघाले. दमास्कस, जेरुसलेम, मक्का, मदिना असे फिरले, एकांतात राहिले. त्यातून ‘इह्या उलूमुद्दीन’ हा ग्रंथ आला. धर्मविद्यांना पुन्हा जिवंत करणे, असा त्या नावाचा अर्थ.

‘इह्या’मध्ये रोज्यावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि रमजानमध्ये आजही त्याचा आधार घेतला जातो. गझाली रोज्याच्या तीन पायऱ्या सांगतात. पहिला सर्वसामान्यांचा रोजा, म्हणजे पोटाचा आणि वासनेचा. दुसरा डोळे, कान, जीभ, हात, पाय यांचा. तिसरा मनाचा, ज्यात अल्लाहखेरीज दुसरा विचार आला तरी तो तुटल्यासारखा होतो. ख्रिस्ती धर्मगुरूला यात परके काही वाटले नसावे. लेंटच्या चाळीस दिवसांत त्याच्या स्वतःच्या परंपरेतले संतही हेच शिकवत आले होते. आसिन गझालींकडे तत्त्वज्ञानाच्या वाटेने आले, पण थांबले ते या आतल्या साधनेसाठी. १९०१ मध्ये प्रबंधाचा विस्तार पुस्तकरूपाने निघाला. ‘इह्या’वर आधारलेला चार खंडांचा शेवटचा मोठा ग्रंथ १९४१ मध्ये पुरा झाला. मधली चाळीस वर्षे गझाली त्यांच्या टेबलावरून हलले नाहीत.

दरम्यान एक घटना घडली, जी विद्यापीठांच्या जगात दुर्मीळ म्हणावी लागेल. माद्रिदच्या अरबी अध्यासनावरून कोदेरा १९०२ मध्ये मुदतीआधीच निवृत्त झाले. हेतू हा की जागा रिकामी व्हावी आणि आसिनला ती मिळावी. स्पर्धा परीक्षा देऊन आसिन १९०३ मध्ये त्या जागेवर आले आणि मरेपर्यंत त्यांची ओळख माद्रिदचे अरबीचे प्राध्यापक हीच राहिली.

पहिला धक्का त्यांनी दिला तो १९०४ मध्ये, कोदेरांच्या गौरवग्रंथातल्या एका लेखाने. त्यात त्यांनी संत थॉमस अक्वायनस आणि कोर्दोबाचे काझी इब्न रुश्द यांना शेजारी बसवले. इब्न रुश्द यांचे (११२६–११९८) युरोपातले नाव आव्हेर्रोएस. अॅरिस्टॉटलचे भाष्यकार म्हणून युरोप त्यांना वाचत होता, पण चर्चच्या नजरेत ते श्रद्धा बुडवणाऱ्यांचे पुढारी होते. इटलीतल्या जुन्या चित्रांत संत थॉमस विजयी मुद्रेने बसलेले आणि त्यांच्या पायाशी पराभूत आव्हेर्रोएस, असा देखावाच ठरून गेला होता. आणि पोप तेरावे लिओ यांनी १८७९ साली थॉमस यांचे तत्त्वज्ञान हाच कॅथलिक शिक्षणाचा पाया ठरवला होता. अशा वेळी आसिन म्हणाले की श्रद्धा आणि बुद्धी यांचा मेळ घालण्याची थॉमस यांची रीत इब्न रुश्द यांच्या रीतीशी इतकी जुळते की तो योगायोग मानता येत नाही. चित्रात जो पायाखाली दाखवला, त्याच्याकडूनच विजेता शिकला होता.

आणखी तीनच वर्षांनी पोप दहावे पायस यांनी आधुनिक विचारांच्या विरोधात कडक फर्मान काढले. युरोपभर अभ्यासू धर्मगुरूंवर संशयाची नजर होती. कितीतरी जणांची पुस्तके बंद झाली, काहींना पद सोडावे लागले. आसिन मात्र आपले काम करत राहिले. शिक्षा झाली नाही, लेखणीही थांबली नाही. एक कारण असे असावे की त्यांच्या श्रद्धेविषयी कोणालाच शंका नव्हती. दुसरे कारण त्यांच्या सिद्धांतातच होते. त्याकडे पुढे येऊ.

१९१४ मध्ये त्यांनी कोर्दोबाच्या इब्न मसर्रा या विचारवंतावर ग्रंथ लिहिला. ९३१ साली वारलेल्या या माणसाचे एकही पुस्तक तेव्हा उपलब्ध नव्हते. इतरांनी त्याच्याविषयी लिहिलेल्या त्रोटक उल्लेखांवरून आसिन यांनी त्याची सारी विचारसरणी उभी केली. हा इमला देखणा होता, पण पाया कच्चा होता. पुढे, आसिन यांच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी, इब्न मसर्राच्या दोन छोट्या रचना डब्लिनच्या एका संग्रहात सापडल्या आणि आसिन यांची बरीच मांडणी त्यांत बसेना. मोठ्या अभ्यासकाचा अंदाजही असा चुकतो.

पण याच अभ्यासातून त्यांच्या हाती दुसरे घबाड लागले. इब्न मसर्राचा प्रभाव शोधत ते मुर्सियात जन्मलेल्या महान सुफी इब्न अरबींकडे (११६५–१२४०) आले. इब्न अरबींच्या ‘फुतूहात’मध्ये आत्म्याच्या आसमानी प्रवासाचे एक रूपक आहे. ते वाचताना आसिन यांना दांतेच्या स्वर्गाची रचना दिसू लागली. मग त्यांनी उलट दिशेने माग काढला. इब्न अरबींचे रूपक मेराजच्या हकिगतीवर बेतलेले होते. मेराजच्या हकिगतीभोवती कितीतरी लोककथांचे थर जमले होते. त्या साऱ्या त्यांनी गोळा केल्या आणि दांतेच्या ओळींशी ताडून पाहिल्या.

२६ जानेवारी १९१९ रोजी स्पॅनिश अकादमीत सदस्य म्हणून प्रवेश करताना आसिन यांनी हाच विषय मांडला. दांतेचा नरक जेरुसलेमखाली नाळक्यासारखा निमुळता होत गेलेला, वर्तुळांवर वर्तुळे असलेला. मुस्लिम कथांतल्या जहन्नमचेही थर तसेच. दोन्हीकडे प्रवाशाला वाटाड्या आहे आणि तो शंका फेडत जातो. दोन्हीकडे गुन्ह्याला साजेशी सजा आहे. पापक्षालनासाठी नद्यांतले स्नान आहे. कुरआनात उल्लेखलेला ‘आराफ’, जन्नत आणि दोजख यांच्या मधली जागा, दांतेच्या मधल्या प्रदेशांची आठवण देतो. शेवटी, साऱ्या आसमानांपलीकडे, डोळे दिपवणारा प्रकाश आणि त्याभोवती फिरणारी फरिश्त्यांची वर्तुळे. साम्य एखाद्या ठिकाणी असते तर सोडून देता आले असते. आसिन यांनी ते पानोपानी दाखवले.

इटलीत संतापाची लाट आली. दांतेच्या मृत्यूला १९२१ मध्ये सहाशे वर्षे होत होती आणि राष्ट्रकवीचा उत्सव तोंडावर होता. अशा वेळी एक स्पॅनिश पाद्री म्हणतो की आमच्या कवीचा आराखडा अरबांकडून आला! दांतेने इब्न सिना, इब्न रुश्द आणि सुलतान सलाहुद्दीन यांना नरकाच्या उंबरठ्यावर पण सन्मानाने बसवले, हे खरे. त्याच दांतेने इस्लामबद्दल जे लिहिले ते कोणाही मुसलमानाला वाचवणार नाही, हेही खरे. म्हणूनच ही उसनवारी दोन्ही बाजूंना अवघड होती. टीकाकारांचा एक आक्षेप मात्र खोडण्यासारखा नव्हता. दांतेला अरबी येत नव्हते. मग त्याने हे वाचले कुठे? आसिन यांच्याकडे शक्यता होत्या. दांते ज्यांना गुरुस्थानी मानत असे ते ब्रुनेत्तो लातिनी १२६० मध्ये वकील म्हणून स्पेनच्या राजाकडे गेले होते, ही त्यांतली एक. पण हातात धरून दाखवावे असे पुस्तक नव्हते. वाद पाच वर्षे चालला. १९२४ मध्ये आसिन यांनी साऱ्या टीकेचा समाचार घेणारा लेख लिहिला आणि १९२६ मध्ये ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद लंडनहून निघाला.

या सगळ्यात त्यांचे काम थांबले नव्हते. फ्रेंच विचारवंत पास्कल याचा प्रसिद्ध युक्तिवाद असा की परलोक असेल वा नसेल, तो आहे असे धरून चालण्यातच शहाणपण आहे. तशीच मांडणी गझालींनी पाच शतके आधी केली होती, हे आसिन यांनी १९२० मध्ये दाखवले. कोर्दोबाच्या इब्न हज्म यांचा जगातल्या धर्ममतांची चिकित्सा करणारा अकराव्या शतकातला ग्रंथ त्यांनी पाच खंडांत स्पॅनिशमध्ये आणला. इब्न हज्म यांची जीभ तलवारीसारखी होती आणि बायबलवर त्यांनी घेतलेले आक्षेप अत्यंत कठोर आहेत. आपल्याच धर्मग्रंथावरचा हल्ला एक धर्मगुरू वर्षानुवर्षे बसून भाषांतरित करत होता आणि लेखकाला या विषयाचा आद्य इतिहासकार म्हणून मान देत होता. हे औदार्य विरळाच.

आता त्यांच्या त्या सिद्धांताविषयी. १९३१ मध्ये इब्न अरबींवर त्यांनी जो ग्रंथ काढला त्याचे नावच ‘ख्रिस्तीकृत इस्लाम’ असे होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. सीरिया आणि इजिप्तच्या वाळवंटातले ख्रिस्ती संन्यासी हे मूळ. त्यांच्याकडून तप आणि वैराग्य सुफींकडे गेले, सुफींबरोबर ते स्पेनमध्ये पोचले आणि तिथून पुन्हा ख्रिस्ती संतांकडे आले. सोळाव्या शतकातले स्पॅनिश संत-कवी क्रूसचे योहान यांच्या शिकवणीशी रोंदाच्या इब्न अब्बाद या सुफीची शिकवण किती जुळते, हे त्यांनी १९३३ मध्ये दाखवले ते याच मांडणीचा भाग म्हणून. म्हणजे युरोपने मुसलमानांकडून घेतले खरे, पण घेतले ते आपलेच हरवलेले धन!

मुसलमान वाचकाला हे खटकते आणि खटकायलाच हवे. गझालींचा रोजा हा ख्रिस्ती उपासाची नक्कल नाही. त्याची मुळे कुरआनात आणि पैगंबरांच्या (स.) आचरणात आहेत. तसव्वुफ कुरआनाच्या पठणातून आणि मननातूनच वाढला, असे फ्रेंच कॅथलिक अभ्यासक लुई मासिन्यों यांनी १९२२ मध्येच मांडले होते. आसिन यांनी इस्लामवर मनापासून प्रेम केले, पण त्याला स्वतःच्या पायावर उभे राहू दिले नाही. शेजाऱ्याच्या घरातली प्रत्येक सुंदर वस्तू कधीकाळी आपल्याच आजोबांची होती, असे मानणारा हा पाहुणा होता. मात्र हेही खरे की याच समजुतीमुळे चर्चमध्ये त्यांना काम करू दिले गेले आणि ते काम आज मुसलमानांच्याही उपयोगाचे आहे.

१९३२ मध्ये स्पेनच्या प्रजासत्ताकाने माद्रिद आणि ग्रानाडा इथे अरबी अध्ययनाच्या संस्था सुरू केल्या. हे सरकार चर्चच्या विरोधातले म्हणून ओळखले जाई. तरी माद्रिदची संस्था त्याने एका धर्मगुरूकडे, आसिन यांच्याकडे सोपवली. ग्रानाडाची त्यांचे शिष्य एमिलिओ गार्सिया गोमेस यांच्याकडे गेली. पुढच्या वर्षी ‘अल-अंदलुस’ हे नियतकालिक निघाले.

१९३६ च्या जुलैत यादवी पेटली. प्रजासत्ताकाच्या ताब्यातल्या भागात हजारो धर्मगुरू मारले गेले. आसिन जनरल फ्रँकोच्या बाजूला उभे राहिले. त्या भीतीत ते समजण्यासारखे आहे. पण १९४० मध्ये त्यांनी एक लेख लिहिला. मोरोक्कोचे मुसलमान फ्रँकोच्या सैन्यात का लढले, असा त्याचा विषय होता. उत्तर त्यांनी दिले ते श्रद्धेचे. देव न मानणाऱ्यांविरुद्ध देव मानणारे दोन समाज एकत्र आले, असे. मोरोक्कोच्या डोंगराळ खेड्यांतून भरती झालेले ते हजारो शिपाई स्पेनच्या गुलामीतले होते, दुष्काळात पगार आणि शिधा यांसाठी आले होते, हे त्यात बाजूला पडले. ज्याने आयुष्यभर मुसलमानांचे ग्रंथ इतक्या बारकाईने वाचले, त्याने त्यांच्या भुकेकडे पाहिले नाही. आसिन यांच्या चरित्रातले हे सर्वांत दुबळे पान.

नव्या राजवटीत मान मिळाले. १९४३ मध्ये ते स्पॅनिश अकादमीचे संचालक झाले. दांतेवरच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती त्याच वर्षी निघाली. शेवटच्या काळात त्यांच्या हाती आपल्याच गावच्या इब्न बाज्जांचा ग्रंथ होता, एकट्या राहणाऱ्या माणसाने आयुष्य कसे चालवावे याविषयीचा. त्याची संहिता आणि भाषांतर १९४६ मध्ये छापून आले, पण तोवर आसिन नव्हते. १२ ऑगस्ट १९४४ रोजी सान सेबास्तियान इथे त्यांचे निधन झाले.

पाच वर्षांनी, १९४९ मध्ये, इटलीत एन्रिको चेरुल्ली आणि स्पेनमध्ये होसे मुन्योस सेन्दिनो या दोन अभ्यासकांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एकच पुस्तक छापले. ते मेराजच्या हकिगतीचे पुस्तक होते. स्पेनचा ख्रिस्ती राजा दहावा आल्फोन्सो याच्या हुकमावरून ते अरबीतून भाषांतरित झाले होते. अरबीतून स्पॅनिशमध्ये आणणारा तोलेदोचा अब्राहम नावाचा ज्यू हकीम होता. त्यावरून १२६४ च्या सुमारास लॅटिन आणि जुन्या फ्रेंचमध्ये आणणारा बोनाव्हेन्तुरा हा सिएनाचा, म्हणजे दांतेच्याच तोस्काना प्रांताचा. दांतेचा जन्म त्यानंतरचा, १२६५ चा. दांतेने हेच पुस्तक वाचले, असे यावरून सिद्ध होत नाही आणि काही अभ्यासक आजही ते मानत नाहीत. पण अरबी न येणाऱ्या इटालियन माणसाला मेराज वाचायला मिळणे शक्य होते का, या प्रश्नाचे उत्तर मिळाले. त्या पुस्तकाची फ्रेंच प्रत ऑक्सफर्डमध्ये होती. लॅटिन प्रती दोन होत्या, एक पॅरिसला आणि दुसरी व्हॅटिकनमध्ये, पोपच्या स्वतःच्या ग्रंथालयात.